ईसीजी शिकताना: चित्रं जुळवू नका, चौकोन मोजा



कुठल्याही आयसीयूत किंवा कॅज्युअल्टीत जा, सिस्टरांच्या टेबलामागच्या भिंतीवर एक तक्ता हमखास दिसतो. गुलाबी चौकोनांच्या कागदावर दहा-बारा रेघा, प्रत्येक रेघेखाली एक लांबलचक नाव आणि खाली कोपऱ्यात एखाद्या औषधाची जाहिरात. हृदयाची लय बिघडली की ईसीजीची रेघ कशी दिसते, हे नवशिक्यांना समजावं म्हणून हा तक्ता लावलेला असतो. त्याचंच छोटं रूप म्हणजे ॲप्रनच्या खिशात मावणारं, लॅमिनेट केलेलं कार्ड. हल्ली तो मोबाइलमध्येही असतो.

मी तालुक्याच्या गावी फिजिशियन आहे. गेली बरीच वर्षं आठवड्यातली एक दुपार मी नव्या सिस्टर्स, ब्रदर्स आणि आरएमओंना ईसीजीची लय वाचायला शिकवतो. त्यामुळे असे तक्ते मी भरपूर पाहिले आहेत, वापरले आहेत आणि काही स्वतः केलेही आहेत. कोणता तक्ता शिकवतो आणि कोणता नुसता भिंत सजवतो, याबद्दल माझं एक मत बनलं आहे. आजचा लेख त्यावर.

तुम्ही म्हणाल, डॉक्टर, हे आम्हाला कशाला? आम्ही थोडेच ईसीजी वाचणार आहोत? बरोबर आहे. पण तुमच्या घरातलं माणूस कधी ना कधी मॉनिटरला लावलं जातं. पडद्यावरची रेघ वाकडी झाली की तुमच्या छातीत धस्स होतं. शिवाय रात्री दोन वाजता ती रेघ सर्वात आधी पाहते ती वॉर्डमधली सिस्टर, मोठा डॉक्टर नव्हे. ती कशी शिकली आहे, यावर बरंच काही अवलंबून असतं. आणि तुम्ही स्वतः नर्सिंगला किंवा एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला असाल, तर हा लेख तुमच्यासाठीच आहे.

तक्त्यावरची रेघ आणि खरी रेघ

तक्ता छापणारा माणूस शंभर पट्ट्यांमधून सर्वात सुबक पट्टी निवडतो. त्यात लहरी ठसठशीत असतात, रुग्ण हललेला नसतो, तार सैल नसते. लग्नाच्या बायोडाटातल्या फोटोसारखंच ते. फोटो खोटा नसतो, पण त्या फोटोवरून तुम्ही स्टँडवर गर्दीत माणूस ओळखायला गेलात तर फजिती होते.

नवशिक्या माणूस या तक्त्याचा उपयोग कसा करतो, ते मी अनेकदा पाहिलं आहे. हातात रुग्णाची पट्टी, समोर तक्ता. नजर पट्टीवरून तक्त्यावर, तक्त्यावरून पट्टीवर. सर्वात जास्त सारखं दिसणारं चित्र सापडलं की त्याखालचं नाव घेऊन मोकळा. यात पट्टी वाचली जातच नाही, फक्त जोड्या लावा होतं. शाळेतल्या जोड्या लावामध्ये एक सोय असायची, उत्तर समोरच्या रकान्यात नक्की असायचं. इथे तशी हमी नाही. रुग्णाला जे झालं आहे ते त्या बारा चित्रांत नसेलच, किंवा असेल पण वेगळ्या वेशात असेल.

म्हणून माझ्या वर्गात पहिल्या दिवशी मी तक्ता झाकून ठेवतो आणि प्रत्येकाच्या हातात नुसता ईसीजीचा कोरा कागद देतो.

कोरा कागद हेच पहिलं साधन

नेदरलँड्समधल्या लायडन इथल्या विलेम आइंटहोवेन यांनी विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला ईसीजी काढण्याचं यंत्र विकसित केलं. चुंबकाच्या मध्ये ताणलेला एक अतिशय बारीक, चांदीचा मुलामा दिलेला काचेसारखा धागा हृदयाच्या विजेने हलायचा आणि त्याची सावली फोटोच्या काचेवर उमटायची. रुग्ण दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसायचा. पी, क्यू, आर, एस, टी ही लहरींची नावं त्यांनीच रूढ केली. या कामासाठी त्यांना १९२४ चं नोबेल पारितोषिक मिळालं. त्या यंत्राने फक्त नागमोडी रेघ दिली असती, तर ती एक गंमत ठरली असती. रेघेला वेळेचं आणि उंचीचं माप मिळालं, म्हणून ती वैद्यकाच्या कामी आली.

ते माप तुमच्या हातातल्या कागदावर आजही छापलेलं असतं. नेहमीच्या वेगात कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो. एक छोटा चौकोन १ मिलिमीटरचा, म्हणजे ०.०४ सेकंद. पाच छोट्यांचा एक मोठा चौकोन, म्हणजे ०.२० सेकंद. असे पाच मोठे चौकोन म्हणजे एक सेकंद आणि ३०० मोठे चौकोन म्हणजे एक मिनिट.

एवढं कळलं की नाडीची गती काढायला मशीनची गरज उरत नाही. एका उंच टोकापासून, म्हणजे आर लहरीपासून, पुढच्या आरपर्यंत मोठे चौकोन मोजा आणि ३०० ला त्या आकड्याने भागा. दोन चौकोन असले तर १५०, तीन असले तर १००, चार असले तर ७५, पाच असले तर ६०, सहा असले तर ५०. लय अनियमित असेल तर ही युक्ती फसते. तेव्हा ३० मोठे चौकोन, म्हणजे सहा सेकंद, मोजायचे आणि त्यातल्या आर लहरींना १० ने गुणायचं.

तुमच्या फाइलमध्ये जुना ईसीजी असेल तर आत्ता काढून मोजून बघा. मात्र आधी कागदाच्या कडेला बारीक अक्षरात छापलेला वेग वाचा. काही वेळा मशीन ५० वर चाललेलं असतं. तसं असेल आणि तुम्ही २५ चा हिशेब केला, तर १०० ची नाडी तुम्हाला ५० वाटेल.

माझ्या वर्गात दोन आठवडे फक्त हेच चालतं. मुलं कंटाळतात. "सर, व्हीटी कधी दाखवणार?" असं विचारतात. मी म्हणतो, तबल्याच्या क्लासला पहिल्या दिवशी कुणी कायदा शिकवत नाही. आधी हाताने टाळी देऊन मात्रा मोजायला लावतात. मात्रा मोजता आल्या की ठेका कुठे चुकला ते आपोआप कळायला लागतं.

चित्रांऐवजी प्रश्नांचं कार्ड

मग मी त्यांना कार्ड देतो. त्यावर रेघांची चित्रं नाहीत, प्रश्न आहेत. ते क्रमानेच विचारायचे आणि एकही गाळायचा नाही, एवढाच नियम.

पहिला प्रश्न: रुग्ण कसा आहे? बोलतोय का, घाम फुटलाय का, नाडी हाताला लागते का, बीपी किती?

दुसरा: कागद ठीक आहे का? नाव याच रुग्णाचं, वेळ आत्ताची, वेग २५, तारा जागेवर?

तिसरा: गती किती?

चौथा: दोन आरमधलं अंतर सगळीकडे सारखं आहे का? नसेल, तर त्या बेतालपणात काही नमुना आहे की तो पूर्ण बेताल आहे?

पाचवा: पी लहर दिसते का? प्रत्येक क्यूआरएसच्या आधी एक पी आणि प्रत्येक पीच्या मागे एक क्यूआरएस, असा जोडा आहे का?

सहावा: पीच्या सुरुवातीपासून क्यूआरएसच्या सुरुवातीपर्यंत किती छोटे चौकोन? तीन ते पाच हवेत. आणि ते अंतर प्रत्येक वेळी तेवढंच आहे का?

सातवा: क्यूआरएस अरुंद आहे की रुंद? तीन छोट्या चौकोनांपेक्षा कमी म्हणजे अरुंद. रुंद आणि वेगवान असेल, तर नाव शोधत बसू नका. ती खालच्या कप्प्यांतून आलेली धोक्याची लय आहे असं धरा आणि वरिष्ठांना लगेच बोलवा.

ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. पी ही हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांची लहर, क्यूआरएस ही खालच्या दोन मोठ्या कप्प्यांची. वरून खाली संदेश जायला एकच राजमार्ग आहे आणि त्यावर जो छोटासा थांबा आहे, तो पी आणि क्यूआरएसच्या मधल्या अंतरात दिसतो. म्हणजे पाचवा आणि सहावा प्रश्न मिळून एवढंच विचारतात, की वरचा मजला आणि खालचा मजला एकमेकांशी बोलताहेत का.

या कार्डावर नाव सर्वात शेवटी येतं. सात उत्तरं कागदावर लिहिली की बहुतेक वेळा नाव आपोआप समोर येतं. आणि नाही आलं तरी फोनवर ती सात उत्तरं सांगितली की पलीकडच्या डॉक्टरला पट्टी न बघताही अंदाज येतो. "सर, काहीतरी फ्लटरसारखं दिसतंय" यापेक्षा "गती ७५, नियमित, पी सगळीकडे नीट दिसत नाही, क्यूआरएस अरुंद, पेशंट गप्पा मारतोय" हे वाक्य मला कितीतरी जास्त सांगतं.

करवतीचे दाते

फ्लटरचं नाव निघालंच आहे तर एक उदाहरण सांगतो.

एट्रियल फ्लटर या आजारात हृदयाचे वरचे कप्पे मिनिटाला ३०० च्या आसपास वेगाने धावतात. तक्त्यावर त्याचं चित्र सर्वांच्या आवडीचं असतं, कारण ते करवतीच्या दात्यांसारखं दिसतं. एकदा बघितलं की विसरत नाही. नेमका तोच त्याचा धोका.

सत्तरीतले एक गृहस्थ दुसरीकडे काढलेला ईसीजी घेऊन आमच्याकडे आले. खालच्या लांब पट्टीत सुंदर करवतीचे दाते होते. मशीननेही वर "एट्रियल फ्लटर" छापलं होतं. वर्गातल्या एका मुलाने तक्त्याकडे बघितलं आणि म्हणाला, सेम आहे सर.

शेजारची सिस्टर मात्र कार्ड घेऊन बसली होती आणि पहिल्याच प्रश्नावर थांबली. रुग्ण कसा आहे? तिने मान वर करून बघितलं. आजोबा निवांत बसले होते, पण त्यांचा उजवा हात मांडीवर थरथरत होता. त्यांना पार्किन्सनचा आजार होता.

पार्किन्सनची थरथर सेकंदाला साधारण ४ ते ६ वेळा होते. मिनिटाचा हिशेब केला तर २४० ते ३६०. फ्लटरचा वेग ३००. म्हणजे नुसत्या आकारावरूनच नाही, तर वेगावरूनही ही थरथर फ्लटरची हुबेहूब नक्कल करते. चित्र जुळवणाऱ्याची इथे फसगत झाली तर नवल नाही.

मग काय करायचं? इथे कोणती तार कुठून कुठे जाते हे माहीत असणं कामी येतं. पहिली लीड उजव्या आणि डाव्या हातामधली. दुसरी लीड उजव्या हाताची आणि डाव्या पायाची. तिसरी लीड डाव्या हाताची आणि डाव्या पायाची. तिसऱ्या लीडमध्ये उजवा हात येतच नाही. आम्ही तिसरी लीड पाहिली. रेघ स्वच्छ, प्रत्येक क्यूआरएसच्या आधी छान पी, अंतर चार छोटे चौकोन. खरा फ्लटर असता तर तो तिसऱ्या लीडमध्ये उठून दिसला असता. हृदयातला बिघाड असा एका हाताची तार सोडून जात नसतो. सिस्टरने आजोबांना उजवा तळवा मांडीखाली दाबून बसायला सांगितलं आणि पुन्हा ईसीजी काढला. करवत गायब.

यात बिघडलं काय असतं, असं वाटेल. फ्लटरचं निदान पक्कं धरलं असतं तर त्यांना रक्त गोठू न देणारी गोळी सुरू होण्याची शक्यता होती. पार्किन्सनचा रुग्ण चालताना वारंवार पडतो. अशा माणसाला गरज नसताना ती गोळी मिळाली आणि डोकं आपटलं, तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. एका चित्राच्या सारखेपणावरून ही जोखीम घ्यायची नसते.

कोऱ्या कागदाची कड

आता माझं सर्वात लाडकं साधन. ते फुकट आहे. कुठल्याही कोऱ्या कागदाची सरळ कड.

ती कड पट्टीवर लहरींच्या वर ठेवायची. लागोपाठच्या दोन-तीन आर लहरींच्या टोकांसमोर पेन्सिलीने खुणा करायच्या. मग कागद पुढे सरकवायचा. खुणा पुढच्या आर लहरींवर चपखल बसल्या तर लय नियमित. नाही बसल्या तर अनियमित. हृदयरोगतज्ज्ञांकडे यासाठी दोन टोकांचा स्टीलचा कॅलिपर असतो. कागदाची कड तेच काम करते, आणि हरवली तर दुसरी फाडून घेता येते.

हीच युक्ती पी लहरींसाठीही वापरायची, आणि इथे तिची खरी कमाल दिसते.

साठीच्या पुढच्या एक बाई शेतात चक्कर येऊन पडल्या म्हणून त्यांना आणलं होतं. नाडी मंद. दोन आरमध्ये सात मोठे चौकोन, म्हणजे गती ४३. अंतर सगळीकडे सारखं. क्यूआरएस अरुंद. पट्टीतल्या पहिल्या ठोक्याच्या आधी पी, अंतर चार छोटे चौकोन. नवीन आरएमओने खिशातल्या कार्डाशी पट्टी ताडून पाहिली आणि म्हणाला, "सायनस ब्रॅडिकार्डिया. हृदय ठीक आहे, फक्त सावकाश चाललंय." कार्डावर पूर्ण हार्ट ब्लॉकचं चित्र होतं, पण त्यात क्यूआरएस चांगलेच रुंद होते आणि पी लहरी सगळ्या सुट्या-सुट्या दिसत होत्या. तसं काही इथे दिसत नव्हतं.

ड्युटीवरच्या सिस्टरने कड घेतली. नीट दिसणाऱ्या दोन पी लहरींसमोर खुणा केल्या. मध्ये चार मोठे चौकोन. कागद तेवढाच पुढे सरकवला, तर तिसरी खूण नेमकी एका क्यूआरएसच्या पोटात पडली. त्यापुढची पुन्हा मोकळ्या जागेत, आणि तिथे पी होती. त्यापुढच्या खुणांपैकी दोन टी लहरींच्या अंगावर पडल्या, आणि नीट पाहिलं तर त्या टी इतर टींपेक्षा किंचित फुगीर होत्या. म्हणजे पी लहरी होत्या, पण लपल्या होत्या. वरचा मजला ७५ च्या गतीने चालला होता, खालचा ४३ च्या. मग तिने प्रत्येक क्यूआरएसच्या आधीचं पीचं अंतर मोजलं. चार छोटे चौकोन, मग एकोणीस, मग चौदा, मग नऊ, मग पुन्हा चार. पहिला जोडा निव्वळ योगायोगाने जमला होता. दोन मजल्यांचं बोलणं पूर्ण बंद होतं.

हा पूर्ण हार्ट ब्लॉक. बाईंना वॉर्डात नुसतं निरीक्षणाखाली ठेवण्याऐवजी त्याच रात्री डॉक्टर सोबत देऊन मोठ्या रुग्णालयात पाठवलं आणि तिथे पेसमेकर बसला. चित्र आणि पट्टी यांत साम्य नव्हतं म्हणून तक्ता गप्प राहिला. कागदाच्या कडेने मात्र बरोबर सांगितलं.

अर्ध्या ब्लॉकचे दोन प्रकार मुलांना नेहमी गोंधळात टाकतात. त्यासाठी वर्गातल्याच एका मुलीने एसटीची उपमा शोधली. पहिल्या प्रकारची एसटी रोज थोडी जास्त उशिरा येते आणि एक दिवस येतच नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा वेळेवर. दुसऱ्या प्रकारची एसटी घड्याळ लावून घ्यावं इतकी वेळेवर येते आणि एक दिवस काही कल्पना न देता रद्द होते. पहिल्या प्रकाराची आपल्याला चाहूल लागते आणि तो बहुधा सौम्य असतो. दुसरा गाफील गाठतो, आणि जास्त घातक तोच, कारण त्याचा कधी पूर्ण ब्लॉक होईल सांगता येत नाही.

गंमत म्हणजे पहिला प्रकार वेंकेबाख या डच डॉक्टरांनी १८९९ साली वर्णन केला, तेव्हा ईसीजी रुग्णांपर्यंत पोहोचलाच नव्हता. त्यांच्याकडे होत्या नाडीच्या आलेखाच्या रेघा आणि अंतरं मोजण्याची चिकाटी. पुढे १९२४ साली मोबिट्झ यांनी ईसीजीच्या आधारे दोन प्रकार वेगळे केले.

हे सगळं डोळ्यांना दिसावं म्हणून आणखी एक जुनं साधन आहे, शिडीची आकृती. लंडनच्या थॉमस लुईस यांच्या काळापासून ती वापरात आहे. पट्टीखाली चार आडव्या रेघा मारायच्या, म्हणजे तीन पट्टे तयार होतात. वरचा पट्टा वरच्या कप्प्यांचा, खालचा पट्टा खालच्या कप्प्यांचा, मधला पट्टा म्हणजे जिना. प्रत्येक पीसाठी वरच्या पट्ट्यात उभी रेघ, प्रत्येक क्यूआरएससाठी खालच्या पट्ट्यात उभी रेघ, आणि संदेश खाली पोहोचला असेल तर जिन्यातून दोघांना जोडणारी तिरकी रेघ. पोहोचला नसेल तर ती जिन्यातच तोडायची. चार ठोके असे काढले की मुलांना जे तासभर बोलून कळत नाही, ते दोन मिनिटांत कळतं. तक्ता बघणं आणि शिडी काढणं यात मोठा फरक आहे. तक्ता दुसऱ्याने काढलेला असतो, शिडी आपल्याला स्वतः काढावी लागते, आणि समजल्याशिवाय ती काढता येत नाही.

रेघ म्हणजे रुग्ण नव्हे

कार्डावर रुग्णाचा प्रश्न सर्वात वर का, हे आता थोडं अधिक सांगतो.

मॉनिटरवर सरळ आडवी रेघ आली आणि रुग्ण तुम्हाला "सिस्टर, चहा मिळेल का?" असं विचारत असेल, तर इलेक्ट्रोड निघालेला आहे. उलट प्रसंगही घडतो आणि तो फार भयंकर असतो. पडद्यावर तक्त्यावर छापावी अशी सुरेख, नियमित लय चालू असते आणि रुग्णाची नाडी लागत नसते. वीज वाहते आहे, पण हृदय रक्त ढकलत नाही. खूप रक्तस्राव झाला, हृदयाभोवती पाणी साचून ते दाबलं गेलं किंवा फुप्फुसात मोठी गुठळी अडकली, तर असं होऊ शकतं. अशा वेळी पडद्याकडे बघत राहणारा माणूस लाखमोलाची मिनिटं घालवतो. मानेवर बोटं ठेवणारा माणूस छाती दाबायला सुरुवात करतो.

ईसीजी ही विजेची नोंद आहे. नाडी बोटांनीच बघायची असते. हे वाक्य मी तक्त्याच्या वर, तक्त्यापेक्षा मोठ्या अक्षरात चिकटवून ठेवलं आहे.

तुमचा स्वतःचा तक्ता करायचा असेल तर

एवढं सगळं वाचून तक्ते फाडून टाका असं मी म्हणतोय, असं समजू नका. चित्रं हवीतच. प्रश्नांची उत्तरं लिहून झाल्यावर पडताळा घ्यायला ती फार उपयोगी असतात. फक्त ती कशी निवडायची, याबद्दल चार गोष्टी.

एक, प्रत्येक लयीची एक नको, निदान तीन चित्रं लावा. एक सुबक, एक मध्यम, एक खराब तारेने आलेली. वेगवेगळ्या लीडमधली असतील तर उत्तम. तीन वेगवेगळे आंबे पाहिले की आंबा म्हणजे काय ते कळतं. एकच पाहिला तर आंबा पिवळाच असतो असं वाटतं.

दोन, नकला करणारी चित्रं शेजारी शेजारी लावा. फ्लटर आणि कंप. पूर्ण ब्लॉक आणि साधी मंद लय. तापातली जलद नाडी आणि एसव्हीटी. प्रत्येक जोडीखाली एकच ओळ लिहा, फरक कुठे बघायचा त्याची.

तीन, नावं मागच्या बाजूला लिहा. नाव समोर असलं की डोळे आधी नाव वाचतात आणि मग रेघेत तेच बघतात.

चार, चित्रं आपल्याच वॉर्डातली घ्या. रुग्णाचं नाव आणि नोंदणी क्रमांक कापून टाका. मूळ कागद भिंतीवर लावू नका, कारण तो थर्मल कागद असतो, उजेडाने आणि उष्णतेने फिका पडतो. झेरॉक्स करून ती लावा. झेरॉक्स आकाराने लहान-मोठी झाली तरी चौकोनही त्याच प्रमाणात बदलतात, त्यामुळे पट्टीने मिलिमीटर न मोजता चौकोनच मोजावेत.

व्हॉट्सॲपवर वरिष्ठांना ईसीजी पाठवतानाही हेच लक्षात ठेवा. कागद सपाट टेबलावर ठेवा, मोबाइल बरोबर वरून धरा, फ्लॅश बंद करा आणि चौकोन स्पष्ट दिसतील असा फोटो काढा. कडेचा वेगाचा आकडा फोटोत आला पाहिजे. दुरून ईसीजी पाठवणं आजचं नाही बरं का. १९०५ साली आइंटहोवेन रुग्णालयात असलेल्या रुग्णाचा ईसीजी टेलिफोनच्या तारेने सुमारे दीड किलोमीटरवरच्या आपल्या प्रयोगशाळेत बसून काढत होते.

आणि जे वाचक वैद्यकीय क्षेत्रातले नाहीत, त्यांच्यासाठी दोन विनंत्या. इंटरनेटवरचा तक्ता काढून आपल्या ईसीजीशी जुळवत बसू नका. बारा वाजता झोपायचं ते चार वाजेपर्यंत जागे राहाल, आणि शेवटी जे चित्र जुळेल ते तुमचं नसेल. त्याऐवजी तब्येत चांगली असताना काढलेल्या ईसीजीची एक झेरॉक्स फाइलमध्ये जपून ठेवा, आणि कधी छातीत दुखलं, चक्कर आली, धडधड वाटली तर ती सोबत घेऊन जा. नवीन पट्टी तक्त्यावरच्या अनोळखी माणसाच्या पट्टीशी ताडण्यापेक्षा तुमच्याच जुन्या पट्टीशी ताडली, तर डॉक्टरांना कितीतरी जास्त कळतं. फक्त ती झेरॉक्स शोधण्यात वेळ घालवू नका. छातीत दुखत असेल तर आधी दवाखाना गाठा, फाइल मागून कुणीतरी घेऊन येईल.